विमानातलं मोटारीचं इंजिन आणि तेलाचा प्रश्न

लायकमिंग किंवा कॉन्टिनेंटलचं इंजिन असलेल्या विमानात तेल कोणतं घालायचं, याचा विचार वैमानिकाला करावा लागत नाही. इंजिनाच्या कंपनीनं ते आधीच छापून ठेवलेलं असतं. कुठल्या तापमानाला कुठला ग्रेड, किती तासांनी बदलायचं, सगळं कागदावर असतं. मेकॅनिक ते पाळतो आणि लॉगबुकात सही करतो. पण विमान घरी बांधलेलं असेल आणि त्याच्या नाकात १९६०च्या दशकातल्या मोटारीचं इंजिन असेल, तर असा कागद मिळत नाही. मोटारीच्या जुन्या मॅन्युअलमध्ये तेलाचं पान असतं, पण ते गाडी रस्त्यावर चालणार असं धरून लिहिलेलं, आणि त्यात सांगितलेल्या प्रतीचं तेल आज दुकानात दिसतही नाही. अमेरिकेची विमान-नियामक संस्था एफएए अशा विमानाला ‘एक्सपरिमेंटल’ वर्गात उडू देते. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं स्वतःच्या हातानं केलंय ना, हे ती तपासते. इंजिन आणि पंखा (प्रोपेलर) यांची जोडी प्रमाणित नसेल, तर पहिले ४० तास ठरलेल्या हद्दीतच उडवायला लावते. तेलाच्या चेंबरमध्ये काय ओतलं, ते मात्र ती विचारत नाही.

आपल्याकडे हा प्रकार फारसा रुजलेला नाही. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांना नुसत्या नोंदणीसाठी किती वर्षं खेटे घालावे लागले, ते अनेकांना आठवत असेल. ती त्यांना २०१७ साली मिळाली. अमेरिकेत मात्र मोटारीचं इंजिन विमानाला लावायची रीत शंभर वर्षांच्या घरात गेली आहे. मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह या खेड्यातल्या बर्नार्ड पीटनपोलनं १९२९ साली फोर्डच्या मॉडेल ‘ए’ गाडीचं इंजिन आपल्या लाकडी विमानाला बसवलं आणि ते उडवलं. १९६० साली त्यानंच नुकत्याच बाजारात आलेल्या शेवरले कॉर्व्हेअरचं इंजिन त्याच धाटणीच्या विमानावर चढवलं.

कॉर्व्हेअर ही गाडी अमेरिकेत बदनाम झाली. राल्फ नेडर यांच्या १९६५च्या गाजलेल्या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण तिच्यावर होतं आणि १९६९ साली तिचं उत्पादन थांबलं. पण इंजिन गुणी होतं. सहा सिलिंडर, तीन इकडे आणि तीन तिकडे आडवे, हवेनं थंड होणारं, क्रँककेस आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे. म्हणजे ढाचा थेट छोट्या विमानाच्या इंजिनाचाच. एकंदर अठरा लाखांच्या आसपास गाड्या विकल्या गेल्यामुळे भंगारात इंजिनांना तोटा नव्हता. फ्लॉरिडातले विल्यम विन १९८९ पासून हे इंजिन विमानासाठी बदलून घेण्याच्या कामात आहेत. त्यांनी मार्गदर्शक पुस्तिका लिहिली आणि ‘कॉर्व्हेअर कॉलेज’ या नावानं ठिकठिकाणी मेळावे भरवले. लोक तिथे आपापली इंजिनं घेऊन येतात, जुळवतात आणि चालू करून घरी नेतात.

या लेखातले इंजिनिअर असेच एक. मूळचे कोल्हापूरचे, सध्या विस्कॉन्सिनमध्ये पंप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला. वडिलांचं शिवाजी उद्यमनगरात इंजिन बोअरिंगचं वर्कशॉप होतं, त्यामुळे बोअर, पिस्टन, क्रँक हे शब्द त्यांच्या कानावर शाळेच्या आधीपासूनचे. शनिवार-रविवार ते गावाबाहेरच्या छोट्या धावपट्टीवरच्या हँगरमध्ये काढतात. तिथे त्यांनी पीटनपोलच्या त्याच धाटणीचं ‘एअर कॅम्पर’ विमान बांधलं. लाकडी सांगाडा, कापडी पंख, उघडं कॉकपिट आणि पुढे २.७ लिटरचं कॉर्व्हेअर इंजिन. क्रँकशाफ्ट नायट्राइडिंग करून आणलेला, आणि मूळच्या चार मेन बेअरिंगच्या जोडीला पंख्याच्या बाजूला पाचवं बेअरिंग बसवलेलं. मोटारीत त्या क्रँकवर पंख्याचा बाक कधीच येत नव्हता. तो भार विमानात येतो आणि पूर्वी त्यानं काही क्रँक मोडलेही, म्हणून ही तजवीज.

लोखंडाचा प्रश्न असा एकदाचा सुटला. तेलाचा सुटेना. हँगरच्या त्या रांगेत बहुतेक सगळे सेसना-पायपरवाले. त्यांच्या फळीवर एरोशेल डब्ल्यू१०० किंवा १५डब्ल्यू-५०च्या बाटल्या. विमान आहे, तर विमानाचंच तेल घालायचं, हे त्यांचं म्हणणं. बाटली महाग, तिच्यावर विमानाचं चित्र, मग ते चांगलंच असणार, असा त्यामागचा विश्वास. वडील कोल्हापुरात. फोनवर त्यांनी एका वाक्यात निकाल लावला. ‘‘आरं, इंजान मोटारीचं हाय न्हवं? मग त्येला काय ठावं ते कुठं बसलंय!’’

‘‘आण्णा, ठाऊक असतं त्याला,’’ मुलगा म्हणाला. ‘‘गाडीत त्याला घाटातच जोर लावायला लागायचा. इथं सगळा रस्ता घाटच हाय.’’

बापलेकाच्या या दोन वाक्यांत सगळा वाद मावतो. सपाट हायवेवर चाललेली मोटार आपल्या ताकदीचा थोडाच हिस्सा वापरत असते. विमान उड्डाणाच्या वेळी पूर्ण ताकद ओढतं आणि नंतर तासन्‌तास पाऊण ताकदीवर चालतं. मधे सिग्नल नाही, उतार नाही. हवेनं थंड होणाऱ्या इंजिनात बेअरिंग आणि हेडची उष्णता वाहून नेण्याचं बरंच काम तेलाकडे येतं. म्हणून पातळ तेल चालत नाही. १०० अंश सेल्सिअसला एसएई ३० तेलाची दाटी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स असते, ४० ग्रेडची १२.५ ते १६.३. नव्या गाड्या इंधन वाचवायला २० ग्रेडवर उतरल्या आहेत. त्यांच्यातल्या फटी, पंप, बेअरिंग त्या हिशेबाचे असतात. साठ वर्षांपूर्वीच्या इंजिनात ते ओतून वर पाऊण ताकदीवर दोन तास चालवणं म्हणजे बेअरिंगची परीक्षा पाहणं.

मग विमानाचं जाड तेल का नको? त्याचं उत्तर त्या तेलाच्या जन्मात आहे. लायकमिंगच्या नेहमीच्या चार सिलिंडरी इंजिनाचा बोअर १३० मिलिमीटर, कॉर्व्हेअरचा ८७. मोठे सिलिंडर, हवेनं थंड होणारे, म्हणून फटी सैल. दर काही तासांनी एखादा क्वार्ट तेल जळून जाणं तिथे नियमातच धरलेलं असतं. मोटारीच्या तेलात सफाईसाठी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. तेल जळलं की त्यांची राख ज्वलनकक्षात साठते, तापून लाल होते आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटवते. अशी अकाली ज्वाला काही मिनिटांत पिस्टनला भोक पाडू शकते. म्हणून विमानाचं तेल ‘अ‍ॅशलेस डिस्पर्संट’, म्हणजे राख न करणारं आणि घाण तरंगत ठेवणारं. डब्ल्यू१०० मधला ‘डब्ल्यू’ तेच सांगतो. १५डब्ल्यू-४० मधला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा. आणि विमानवाल्यांचं १०० म्हणजे मोटारवाल्यांचं ५०. नवख्याला गोंधळात टाकायला एवढं पुरेसं आहे.

राख टाळण्याच्या या खटाटोपात धातूची रसायनं वगळली जातात आणि त्यात जस्तही जातं. कॉर्व्हेअरला नेमकं तेच हवं असतं.

भंगारातून आणलेलं इंजिन या इंजिनिअरांनी पहिल्यांदा खोललं, तेव्हा त्यांनी आधी कॅमच्या जोरावर व्हॉल्व्ह उचलणारे टॅपेट काढून ओळीनं मांडले. कॉर्व्हेअरचे टॅपेट सपाट तळाचे. आजच्या बऱ्याच इंजिनांत असते तशी रोलरची चाकी त्यांना नाही. खरं तर तळ पूर्ण सपाट नसतो, केसभर फुगीर असतो. कॅमचा उंचवटाही किंचित तिरका घासलेला असतो. त्यामुळे कॅम फिरताना टॅपेट स्वतःभोवती हळूहळू वळत राहतो आणि झीज एका जागी होत नाही. खिडकीजवळ धरून एकेक टॅपेट तिरका केला की तळावर वर्तुळाकार बारीक रेघा दिसत. याचा अर्थ तो आयुष्यभर नीट फिरला. दोन टॅपेटवर मात्र वर्तुळं नव्हती, एकाच दिशेनं गेलेला ओरखडा होता आणि मध्ये नखाला लागेल एवढी खोल झीज. त्यांच्या वाट्याचे कॅमचे उंचवटेही गोल होऊन गेले होते. वडिलांना फोटो पाठवला तर त्यांचा निरोप एवढाच आला, ‘‘ह्ये पोरगं फिरायचं थांबलं हुतं.’’

कॅम आणि टॅपेट जिथे भेटतात ती जागा इंजिनातली सगळ्यात जाचाची. एका रेघेएवढ्या जागेवर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा सगळा दाब. बेअरिंगमध्ये असतो तसा तेलाचा तरंगता थर तिथे धड टिकत नाही, धातू धातूला भिडतो. तिथे झेडडीडीपी नावाचं जस्त-फॉस्फरसचं संयुग कामाला येतं. उष्णता आणि दाब मिळाला की ते फुटून धातूवर फॉस्फेटचा काचेसारखा पातळ थर धरतं. झिजतो तो थर, आणि तेलात माल शिल्लक आहे तोवर पुन्हा धरतो. जुन्या काळच्या मोटार तेलात हे भरपूर असायचं, त्यामुळे कुणाला त्याचं नाव माहीत असायची गरज नव्हती.

मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. फॉस्फरस जळक्या तेलाबरोबर एक्झॉस्टमध्ये गेला की कन्व्हर्टरला निकामी करत जातो. म्हणून पेट्रोल गाड्यांच्या तेलातला फॉस्फरस टप्प्याटप्प्यानं कमी केला गेला. २००४ साली आलेल्या, एपीआय या अमेरिकी संस्थेच्या एसएम प्रतीत पातळ ग्रेडसाठी कमाल ०.०८ टक्के अशी मर्यादा आली. रोलर टॅपेटच्या नव्या गाड्यांना त्यानं काही झालं नाही. जुन्या गाड्या हौसेनं ठेवणाऱ्यांमध्ये मात्र नवे कॅम पहिल्याच तासांत गोल होऊ लागल्याची ओरड सुरू झाली. त्यात निकृष्ट कॅम आणि टॅपेटचाही वाटा होता, सगळं खापर तेलावर फोडणं बरोबर नाही. पण बाटलीवर नवी प्रत लिहिली की माल जुन्यापेक्षा चांगलाच, हे गृहीत या इंजिनांपुरतं तरी मोडलं.

म्हणून अमेरिकेतले कॉर्व्हेअरवाले ट्रकच्या तेलाकडे वळले. विन यांच्या मंडळींत वर्षानुवर्षं शेल रोटेला १५डब्ल्यू-४०चं नाव चालत आलं आहे. हे डिझेलचं तेल. आपल्याकडच्या ट्रकवाल्यांना माहीत असलेलं रिम्युला हे त्याचंच भावंड; उत्तर अमेरिकेत नाव रोटेला. डिझेलच्या तेलात जस्त-फॉस्फरस जास्त असतं, काजळी तरंगत ठेवायची ताकद दांडगी असते, आणि १५ ते ४० हे अंतर बेताचं असल्यानं तेलाची दाटी टिकवायला लागणारे लांबलचक पॉलिमर कमी घालावे लागतात. हे पॉलिमर रगडले जाऊन तुटतात आणि ४०चं तेल हळूहळू ३०सारखं वागू लागतं, त्यामुळे ते जितके कमी तितकं बरं. पंख्याआधी गिअरबॉक्स असलेल्या इंजिनांत हा प्रश्न आणखी तीव्र होतो. रोटॅक्स ९१२ मध्ये इंजिन आणि गिअर एकाच तेलावर चालतात, म्हणून तिथे मोटारसायकलच्या धर्तीचं तेल सांगितलेलं असतं. कॉर्व्हेअरचा पंखा थेट क्रँकवर, ती कटकट नाही.

पण ट्रकचं तेलही जागच्या जागी राहिलं नाही. २००६ मध्ये सीजे-४ प्रत आली, डिझेलच्या धूर-गाळण्या वाचवण्यासाठी तिच्यात राखेवर एक टक्क्याची आणि फॉस्फरसवर ०.१२ टक्क्याची मर्यादा आली. २०२० साली बीएस-६ आल्यावर आपल्याकडच्या ट्रकांच्या तेलातही तोच बदल झाला. तेव्हा पांढरा डबा तोच, रंग तोच, आतला मसाला वेगळा. म्हणून हे इंजिनिअर दरवेळी डबा उलटा करून मागचं प्रत सांगणारं एपीआयचं वर्तुळ वाचतात, आणि तेल कंपनीचं माहितीपत्रक काढून जस्ताचा आकडा पाहतात. कमी वाटला तर झेडडीडीपीची छोटी बाटली मापानं घालतात. मापानंच. जस्त चांगलं म्हणून दुप्पट ओतणारे लोकही त्यांनी पाहिले आहेत. एका मर्यादेपुढे फायदा वाढत नाही, धातूला उलट अपायच होऊ शकतो.

नवा कॅम पहिल्यांदा फिरतो ती वीस मिनिटं हा सगळ्या गोष्टीचा कसोटीचा काळ. कॅमला तेल पंपानं थेट मिळत नाही, क्रँकनं उडवलेल्या शिंतोड्यांवर त्याचं भागतं. इंजिन मंद फिरलं की शिंतोडे कमी. म्हणून सुरू झाल्याबरोबर फेरे दोन हजारांच्या वर न्यायचे आणि वीस मिनिटं तिथेच ठेवायचे, मध्ये बंद पडू द्यायचं नाही. त्याआधी कोरडं इंजिन भिजवून घ्यावं लागतं. कॉर्व्हेअरमध्ये तेलाचा पंप डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावर चालतो. डिस्ट्रिब्युटर काढून त्या भोकात लांब दांडी घालायची आणि तिला हातातलं ड्रिल मशीन लावायचं. पहिले काही क्षण ड्रिल रिकामं गरगरतं. मग एकदम आवाज उतरतो, मनगटाला झटका बसतो, म्हणजे पंपानं तेल पकडलं. दुसऱ्या माणसानं क्रँक हातानं थोडा थोडा फिरवत राहायचं आणि पोकळ पुशरॉडमधून तेल रॉकरवर आलं की नाही ते एकेक करून पाहायचं. सहाव्या सिलिंडरला ते येईपर्यंत खांदा भरून येतो. टॅपेट आणि कॅमवर मॉलिब्डेनमची काळी पेस्ट तर जुळवणीच्या वेळीच चोपडलेली असते.

हे सगळं झाल्यावर इंधनानं नवा पेच घातला. विमानतळावर मिळतं ते निळं १००एलएल. ‘लो लेड’ म्हणतात, तरी लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असतं. भारतात मोटारीच्या पेट्रोलमधलं शिसं २००० साली गेलं, विमानाच्या पेट्रोलमधून अजून पुरतं गेलेलं नाही. जळल्यावर त्यातलं काही पिस्टन रिंगांवरून खाली सरकतं आणि तेलात राखाडी गाळ बनून राहतं. इथे महागडं पूर्ण सिंथेटिक तेल घेणारा फसतो. सिंथेटिक उष्णता छान सोसतं, पण शिशाचा गाळ विरघळवून धरून ठेवायची त्याची शक्ती खनिज तेलापेक्षा कमी. मोबिलचं एव्ही-१ हे विमानासाठीचं पूर्ण सिंथेटिक तेल याच कारणानं १९९०च्या दशकात बाजारातून मागे घ्यावं लागलं होतं. एवढा मोठा धडा छापलेला असताना ‘सिंथेटिक म्हणजे सर्वांत भारी’ हे हँगरमध्ये अजून ऐकू येतं, याचं या माणसाला नवल वाटतं. ते स्वतः शक्यतो इथेनॉल नसलेलं प्रीमियम मोटार पेट्रोल कॅनमधून आणून वापरतात. लांबच्या फेरीत १००एलएल घ्यावंच लागलं, तर तेल पंचवीस तासांतच बदलून टाकतात. साधं खनिज १५डब्ल्यू-४० स्वस्त असतं, त्यामुळे बदलताना जीव वरखाली होत नाही. त्यांच्या मते हाही तेलाचा एक गुणच.

शेजारच्या हँगरमधल्या एकाशी त्यांचा वाद होतो तो हिवाळ्यावरून. विस्कॉन्सिनमध्ये जानेवारीत पारा शून्याखाली वीसपर्यंत सहज जातो. उडता येत नाही, म्हणून तो गृहस्थ दर आठवड्याला इंजिन दहा मिनिटं चालू करून बंद करतो. तेवढीच हालचाल, असं त्याचं म्हणणं. पण जळण्यातून पाणी तयार होतं, ते क्रँककेसमध्ये उतरतं, आणि तेल दहा मिनिटांत पुरेसं तापत नाही म्हणून ते उडून जात नाही. तेल भरायचं झाकण उघडलं की आत ताकासारखा पांढरट फेस दिसतो. तेच पाणी ज्वलनातल्या आम्लांना सोबत घेऊन कॅमवर गंज धरवतं, आणि गंजलेला उंचवटा टॅपेट खरवडतो. कोल्हापूरकर म्हणतात, उडायचं असेल तर आधी हीटर लावून इंजिन गरम करा आणि तासभर नीट उडा. नसेल उडायचं, तर स्टार्टरला हात लावू नका.

तेल बदललं की जुनं फिल्टर ते कापतात. करवतीनं नाही, तिचाच कीस आत पडतो; डब्याचं झाकण उघडतो तसल्या गोल कटरनं. कागदी घड्या सुरीनं सोडवून फळीवर पसरायच्या, उन्हात धरायच्या, वरून चुंबक फिरवायचं. चुंबकाला चिकटेल ते लोखंड, म्हणजे कॅम, टॅपेट, सिलिंडर. चमकतं पण चिकटत नाही ते पिस्टनचं किंवा क्रँककेसचं अ‍ॅल्युमिनियम. शिवाय थोडं तेल बाटलीत भरून प्रयोगशाळेला जातं. पहिल्या अहवालात सिलिकॉन वाढलेलं होतं. धूळ आत जातेय की काय, म्हणून एअर फिल्टर तपासलं. ते ठीक होतं. नव्या इंजिनात जोडांना लावलेला सिलिकॉनचा सीलंटही तेलात उतरतो, आणि पुढच्या बदलीला आकडा आपोआप खाली आला. शिशाचा आकडा ते फारसा मनावर घेत नाहीत. १००एलएलच्या एका टाकीनं तो असा फुगतो की त्याखाली बेअरिंगचं शिसं दडून जातं. बेअरिंगची काळजी असेल तर तांबं आणि कथील पाहायचं. लोखंडाचा आकडा तासांच्या हिशेबानं स्थिर आहे, तोवर दुसऱ्या तेलाकडे वळायचं कारण नाही, मग शेजारी कुणी कितीही नव्या बाटलीचं कौतुक करो.

गळतीचं म्हणाल, तर ती तेलाच्या प्रतीनं फार सुधारत नाही. कॉर्व्हेअरच्या पुशरॉड-नळ्या सिलिंडरच्या खालून जातात आणि त्यांच्या मूळच्या रबरी रिंगा उष्णतेनं दगडासारख्या होत. व्हायटॉनच्या रिंगा घातल्या की ते दुखणं संपतं. दाट तेल घालून गळती लपवणारे उद्यमनगरात होते, तसे इथेही आहेत.

आता त्यांच्याकडे सल्ला मागायला लोक येतात. परवा एक तरुण आला, फोक्सवॅगन बीटलच्या चार सिलिंडरी इंजिनावर विमान बांधतोय. ‘‘तुम्ही जे घालता तेच घालू ना?’’ असं विचारू लागला. त्यांनी थेट हो म्हटलं नाही. बीटलमध्ये कॅमचा एक उंचवटा समोरासमोरचे दोन टॅपेट उचलतो, म्हणजे त्या उंचवट्याला दुप्पट मार. आणि तेल जेमतेम अडीच लिटर, कॉर्व्हेअरच्या निम्म्याच्या आसपास, त्यामुळे तेच तेल वारंवार तापतं. त्यांनी वही पुढे ओढली आणि उलट विचारायला सुरुवात केली. कॅम कुणाकडून घेतला? त्यानं कोणतं तेल सांगितलंय? टॅपेट जुने की नवे? वेगळा ऑइल कूलर बसवलाय का? पेट्रोल कुठलं भरणार? तरुणाला पहिल्या दोनच प्रश्नांची उत्तरं देता आली. बाकीची शोधून पुढच्या शनिवारी ये, असं त्यांनी सांगितलं, आणि येताना जुने टॅपेट पिशवीत घालून आण, एकेकाच्या कागदी पुडीवर त्याचा नंबर लिहून, हेही बजावलं.